फाल्शियन आणि मेसर: तयार तलवारीचं पातं आणि मूठ स्वतः बदलताना

फाल्शियन किंवा मेसर या मध्ययुगीन युरोपीय एकधारी तलवारींची बाजारातली प्रतिकृती हातात घेतली की बहुतेकांची तक्रार एकच असते: ही पुढून जड आहे. वार सुरू करायला जोर लागतो, आणि सुरू झालेला वार थांबवायला त्याहून जास्त. मग उपाय म्हणून सगळ्यांचं लक्ष मुठीकडे जातं. जड पॉमेल (मुठीच्या मागच्या टोकाचा धातूचा गोळा) बसवू, लाकूड बदलू, चामडं गुंडाळू. माझं मत बरोब्बर उलट आहे. दोष जवळजवळ नेहमी पात्यात असतो, कारण कारखान्यात एका जाडीच्या पट्टीतून पातं कापून काढणं स्वस्त पडतं आणि ते टोकाकडे पातळ करत नेणं महाग. त्यामुळे इथे काम पात्यापासून सुरू होतं आणि मूठ शेवटी येते.

जुन्या नमुन्यांकडे पाहिलं की हे पटतं. इंग्लंडमध्ये डरहॅम कॅथेड्रलमध्ये ठेवलेली तेराव्या शतकातली कॉन्यर्स फाल्शियन चित्रात खाटकाच्या सुऱ्यासारखी रुंद आणि बोजड दिसते. तिची एकूण लांबी सुमारे 89 सेंटिमीटर, आणि वजन मात्र 1.3 किलोच्या आसपास. इतकं रुंद पातं इतक्या वजनात बसतं ते केवळ पातळ असल्यामुळे. नॉरिच कॅसल संग्रहालयातली थॉर्प फाल्शियन तर सुमारे 95 सेंटिमीटर लांब असूनही 900 ग्रॅमच्या घरात आहे. आजच्या प्रतिकृती याच मापात सहज 1.5 किलोपर्यंत जातात.

आधी कोणती तलवार घ्यावी

एकधारी मध्ययुगीन युरोपीय तलवारींत मुठीच्या बांधणीचे दोन प्रकार आहेत आणि पुढचं अर्धं काम त्यावर ठरतं. फाल्शियनची मूठ बहुधा दुधारी तलवारीसारखी असते: पात्यातून निघालेला अरुंद टँग, म्हणजे पात्याचं मुठीत जाणारं शेपूट, लाकडी मुठीच्या पोकळीतून जातो, पॉमेलच्या आरपार निघतो आणि त्याचं टोक ठोकून पसरवलेलं असतं. जर्मन भाषिक प्रदेशातल्या पंधराव्या शतकातल्या मेसरची मूठ स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुरीसारखी असते. टँग मुठीइतकाच रुंद, दोन्ही अंगांना लाकडी चपट्या आणि आरपार रिव्हेट. शिवाय गार्डमधून, म्हणजे पातं आणि मुठीमधल्या आडव्या पट्टीतून, बाजूला निघालेला एक लोखंडी खिळा, ज्याला नागेल म्हणतात. तो बोटांची पाठ सांभाळतो.

पहिल्यांदाच हात घालत असाल तर मेसर घ्या. तिच्यात चुकलेली चपटी फेकून नवी लावता येते. फाल्शियनचा टँग एकदा आखूड झाला की झालाच.

घेताना स्टेनलेस पात्याची तलवार घेऊ नका. ती भिंतीवर शोभते, एवढ्या लांबीला ठिसूळ असते. 1060, 1075, 5160, 6150 किंवा ईएन 45 यांपैकी कुठलंही स्प्रिंगच्या जातीचं किंवा मध्यम ते उच्च कार्बनचं पोलाद चालेल, मात्र त्याला नीट पाणी दिलेलं हवं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं आणि मग बेताचं मऊ केलेलं. विक्रेत्याला टँगचा फोटो मागा. पात्याला मागे बारीक सळई वेल्ड करून मूठ बसवलेली असेल तर तिच्यावर मेहनत करण्यात अर्थ नाही, ती जोडापाशीच तुटणार. सरावासाठी, म्हणजे समोरच्या माणसाशी खेळण्यासाठी तलवार हवी असेल तर त्याच कामाची बोथट तलवार वेगळी घ्या आणि तिचं पातं घासायला जाऊ नका. पुढे पात्याबद्दल जे लिहिलंय ते कापणीच्या आणि संग्रहाच्या तलवारीला लागू आहे. धारदार हत्यार बाळगण्याचे आणि नेण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते खरेदीआधी पाहून घ्या.

मोजमाप, म्हणजे निम्मं काम

ग्राइंडर सुरू करण्याआधी एक संध्याकाळ वजनकाटा, व्हर्नियर आणि वही घेऊन बसा. पात्याला धार असेल तर ती आधी ऑइलस्टोनवर उभी फिरवून मारून टाका, मगच कामाला घ्या. उघड्या धारेवर टेप गुंडाळून काम करणारे लोक आहेत, टेप सरकते.

गार्डच्या पुढच्या कडेपासून टोकापर्यंत दर 5 सेंटिमीटरवर मार्करने रेघ मारा. प्रत्येक रेघेवर पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी लिहून काढा. मग तलवार बोटावर आडवी तोलून तोलबिंदू शोधा आणि तो गार्डपासून किती लांब आहे ते मोजा. एकूण वजन घ्या.

समजा वजन 1400 ग्रॅम आहे, पातं 70 सेंटिमीटर आहे आणि तोलबिंदू गार्डपासून 14 सेंटिमीटरवर आहे. शेवटच्या 20 सेंटिमीटरमध्ये पातं 5 सेंटिमीटर रुंद आहे आणि तिथली जाडी सरासरी 1 मिलिमीटरने कमी करायची आहे, म्हणजे प्रत्येक अंगाने अर्धा. निघणारं पोलाद 20 × 5 × 0.1, म्हणजे 10 घन सेंटिमीटर. पोलादाची घनता 7.85 धरली तर सुमारे 78 ग्रॅम. हे वजन गार्डपासून साधारण 60 सेंटिमीटरवरून जातंय. आता हिशेब: 1400 × 14 म्हणजे 19600, त्यातून 78 × 60 म्हणजे 4680 वजा, उरले 14920. त्याला नव्या वजनाने, 1322 ने, भागलं की 11.3. तोलबिंदू जवळपास पावणेतीन सेंटिमीटर मागे आला.

हेच पॉमेलमध्ये वजन वाढवून करायचं ठरवलं, आणि पॉमेल गार्डच्या मागे 12 सेंटिमीटरवर असेल, तर तिथे सुमारे 160 ग्रॅम घालावे लागतात. तोलबिंदू तोच, पण एक तलवार 1322 ग्रॅमची आणि दुसरी 1560 ग्रॅमची. वर दुसरीचं टोक जसं होतं तसंच जड आहे. ती स्थिर धरली तर बरी वाटते, फिरवली की खरं कळतं. जड पॉमेल हा उपाय नाही असं मी म्हणतो ते या आकड्यांमुळे.

तोलबिंदू किती मागे आणायचा? एकधारी तलवारीला तो थोडा पुढे असणंच योग्य, वाराला वजन मिळतं. मी 9 ते 12 सेंटिमीटर धरतो. 6-7 वर आणलीत तर फाल्शियनचा फाल्शियनपणा गेला.

मूठ उतरवणं

मेसरच्या रिव्हेटचं डोकं कानशीने सपाट करा, बरोबर मध्यावर पंचने खूण करा आणि रिव्हेटपेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक ड्रिलने थोडं पोखरा. मग खाली भोक असलेला लाकडी ठोकळा ठेवून पंचने रिव्हेट मागे ठोकून काढा. चपट्या चिकटवलेल्या असतील तर पातळ पात्याची सुरी फटीत घालून हळूहळू उचका. जुन्या चपट्या फुटल्या तरी तुकडे टाकू नका, मापाला उपयोगी पडतात.

फाल्शियनच्या पॉमेलवर ठोकलेलं टँगचं टोक दिसतं. ते ग्राइंडरने पॉमेलच्या पातळीपर्यंत आणा, त्याखाली जाऊ नका. मग पॉमेल खालच्या बाजूने लाकडी हातोडीने टप्प्याटप्प्याने ठोकत सोडवा. काही प्रतिकृतींत नट असतो, तिथे हे काम पाच मिनिटांचं. पॉमेल इपॉक्सीने चिकटवला असेल तर हीट गनने गरम करा, पण आधी पात्याच्या बुंध्याला ओलं फडकं गुंडाळा.

उघडा झालेला टँग नीट पाहा. पातं संपून टँग सुरू होतो तिथे खांद्याचे कोपरे असतात. ते काटकोनात कापलेले असतील तर तलवार तुटायची झाली की तिथेच तुटेल, कारण धक्क्याचा सगळा ताण अशा आतल्या कोपऱ्यात साठतो. गोल कानशीने तिथे 2-3 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई करा. सगळ्या कामात ही दहा मिनिटं सगळ्यांत मोलाची.

पात्याची बाह्यरेषा

आकार बदलायचा असेल तर जाडीला हात लावण्याआधी. बहुतेकांना पाठीच्या टोकाकडचा भाग आत वळवून टोक अणकुचीदार करायचं असतं, किंवा पोट, म्हणजे धारेकडची फुगीर बाजू, थोडं सरळ करायचं असतं. पुठ्ठ्याचा साचा कापा, पात्यावर ठेवा, बारीक मार्करने आखा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. येता-जाता पाहिलं की रेषेतला बेढबपणा दिसतो.

कापायला अँगल ग्राइंडरवर 1 मिलिमीटरची चकती लावा आणि रेषेपासून 3 मिलिमीटर बाहेरून कापा. चकतीच्या ठिणग्यांखालची कड निळी पडते, तेवढा भाग नंतर बेल्ट ग्राइंडरवर थंड ठेवून काढून टाकायचा, म्हणून ही जागा सोडलेली. आत वळणारी रेष जिथे पाठीला मिळते तिथे कोपरा नको, वळण हवं. कारण वरचंच, खांद्यांचं.

पन्हळ, म्हणजे पात्यातली लांब खोबण, पाणी दिलेल्या पात्यात नव्याने पाडायच्या फंदात पहिल्या तलवारीवर पडू नका. लहान चाकावर ती सरळ राहत नाही आणि वाकडी पन्हळ लपवता येत नाही.

जाडी उतरवणं

आता मुख्य काम. एकच गोष्ट सतत डोक्यात हवी: उष्णता. पात्याला दिलेलं पाणी ठरावीक तापमानावर मऊ करून आणलेलं असतं. घासताना पातं त्याहून तापलं की तेवढ्या जागी पाणी उतरतं आणि परत येत नाही. चकचकीत पोलादावर 220 अंशांच्या आसपास फिकट पिवळा रंग चढतो, 260 ला तपकिरी, 280 ला जांभळा, 300 च्या पुढे निळा. पातळ धारेवर हा प्रवास दोन-तीन सेकंदांत होतो. रंग दिसेपर्यंत थांबायचंच नाही. हातमोजे घालू नका. पातं बोटांना सोसत नाहीसं झालं की बादलीत बुडवा. दर फेरीनंतर बुडवलंत तरी जास्त होत नाही. मोजे न घालण्याचं दुसरं कारण म्हणजे फिरता पट्टा मोज्याचा धागा ओढतो आणि धाग्यामागे बोट जातं. चष्मा आणि धूळ गाळणारा चांगला मास्क मात्र लागतोच, कापडी रुमाल पुरत नाही.

पट्टा 60 नंबरचा, नवा. बोथट पट्टा कापत कमी आणि तापवतो जास्त, त्यामुळे पट्ट्यांवर काटकसर नको. वहीत प्रत्येक रेघेपुढे सध्याच्या जाडीशेजारी हवी ती जाडी लिहा. मला बरी वाटणारी चढण अशी: पाठ गार्डपाशी 6 मिलिमीटर, मध्यावर 4, टोकाच्या 5 सेंटिमीटर अलीकडे सव्वादोन. गार्डपाशी मूळ पट्टी 5 चीच असेल तर पहिल्या 10-12 सेंटिमीटरला हात लावू नका. तिथे वजन काढून तोलाला काही फरक पडत नाही, ताकद मात्र जाते.

पूर्ण पातं मार्करने रंगवा. पट्ट्यावर पातं ठेवताना धार पट्ट्याच्या येणाऱ्या बाजूला कधीही नको. पट्टा धारेवरून निघून जायला हवा, धारेत घुसायला नाही, नाहीतर पातं हातातून खेचलं जाऊन उडतं. टोकाकडून सुरुवात करा. पहिली फेरी शेवटच्या 15 सेंटिमीटरवर, दुसरी 25 वर, तिसरी 35 वर, अशी लांबी वाढवत न्या. टोकाला सगळ्या फेऱ्या मिळतात, मध्याला निम्म्या, बुंध्याला एकही नाही. चढण आपोआप येते. एका अंगाला दोन फेऱ्या झाल्या की दुसऱ्या अंगाला दोन. एकाच बाजूचं पोलाद काढत राहिलं की पातं त्या ताणाने वाकतं. अधूनमधून पाठीवरून एक डोळा मिटून टोकाकडे पाहा.

मार्करची शाई कुठे उरलीय ते पाहत चला, तिथे खड्डा आहे. खड्ड्यापर्यंत पोचायला आजूबाजूचं पोलाद उतरवायचं, खड्ड्यातच पट्टा दाबायचा नाही. धारेची कड या टप्प्यावर 1 मिलिमीटरपेक्षा पातळ होऊ देऊ नका.

दर चार-पाच फेऱ्यांनी मोजा. जुना गार्ड आणि पॉमेल टँगवर टेपने बांधून तोलबिंदू पाहा. तो हव्या त्या जागेपासून अजून 1 सेंटिमीटर टोकाकडे असतानाच पट्टा थांबवा. पुढे पॉलिशमध्ये आणि धार लावताना आणखी पोलाद जातं, आणि ते विसरूनच बरीच पाती गरजेपेक्षा हलकी होतात.

मग 120 आणि 220 चे पट्टे, आणि तिथून पुढे हात. पातं लाकडी फळीवर क्लॅम्प करा. सपाट कडक ठोकळ्याला एमरी पेपर गुंडाळा, थोडं तेल लावा. 220 ने लांबीच्या दिशेने, 400 ने तिरपं, पुन्हा 400 ने लांबीच्या दिशेने. दिशा बदलल्याने आधीचे ओरखडे उघडे पडतात. हे कंटाळवाणं आहे आणि त्याला तोड नाही. 600 नंतर मी थांबतो. आरशासारखं पॉलिश फोटोत चांगलं दिसतं, पहिल्याच कापणीनंतर त्यावर ओरखड्यांची जाळी दिसायला लागते.

पाणी उतरल्याची शंका असेल तर धारेच्या त्या जागी बारीक कानस हलकी ओढा आणि बुंध्याजवळ तशीच ओढा. एकीकडे कानस घसरते आणि दुसरीकडे चावते, तर शंका खरी आहे. मऊ झालेली कड दोन-तीन मिलिमीटरचीच असेल तर धारेची रेषा तेवढी मागे घेऊन ती काढून टाकता येते.

धार

कारखान्याच्या धारेला बहुधा चाकूसारखी वेगळी उतरती पट्टी असते. तशी धार मला अशा तलवारीवर आवडत नाही, कडक वस्तूवर ती चटकन दबते किंवा तुकडा उडतो. पट्टा दोन चाकांच्या मधल्या मोकळ्या भागात किंचित सैल ठेवून 400 नंबरने धार फुगीर उतरवा, म्हणजे पात्याचा पृष्ठभाग हळूच वळत धारेत विरतो. शेवटी सिरॅमिक दगडाचे दोन-चार हलके हात. हे काम मूठ बसवून झाल्यावर, अगदी शेवटी करा. धारदार पात्यावर मूठ बसवणं म्हणजे टाके घालून घ्यायची तयारी.

रंग आणि खुणा

जुनाट राखाडी रंग हवा असेल तर पातं आधी साबणाने आणि मग अॅसिटोनने पूर्ण धुवा. बोटाचा एक ठसासुद्धा रंगात उमटतो. गरम पांढरा व्हिनेगर फडक्याने पुसत राहिलात तर सौम्य राखाडी येतो. पाण्यात पातळ केलेलं फेरिक क्लोराइड झटपट आणि गडद काम करतं. नंतर खाण्याचा सोडा मिसळलेल्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, तेल लावायचं आणि 1000 च्या कागदाने वरवर पुसायचं. उंच भाग उजळतो, खोल भाग गडद राहतो. तीव्र हायड्रोक्लोरिक अॅसिड वापरायचे सल्ले दिसतील, ते टाळा. पाणी दिलेल्या पोलादात त्याने हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं.

खूण कोरायला छिन्नीपेक्षा वीज सोपी. नेलपॉलिशचा थर द्या, त्यात सुईने आकृती उघडी करा. 9 व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक पात्याला, ऋण टोक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याला, आणि बोळा आकृतीवर टेकवत राहा. हे उघड्या खिडकीपाशी करा, थोडा क्लोरीन निघतो. काय कोरायचं हा तुमचा प्रश्न. मध्ययुगात पासाऊच्या पात्यांवर धावणाऱ्या लांडग्याची खूण पितळेत भरलेली असायची, अगदी ओबडधोबड, चार-सहा रेघांची. ती खूण इतकी चालली की दुसऱ्या गावांतले कारागीरही तीच घालू लागले. छोटी, गार्डच्या जवळ आणि एकाच अंगाला. पातंभर वेलबुट्टी केलेल्या फाल्शियनकडे मला बघवत नाही.

गार्ड आणि नागेल

गार्डसाठी मऊ पोलादाची चौकोनी पट्टी घ्या. टँग 6 मिलिमीटर जाड असेल तर 5 च्या ड्रिलने रेषेत भोकं पाडा, मधल्या भिंती फोडा आणि चपट्या कानशीने फट मोठी करत न्या. टँगला मेणबत्तीची काजळी लावून गार्ड सरकवा. काजळी जिथे लागली तिथेच घासा. शेवटचा मिलिमीटर ठोकून बसायला हवा. इथे राहिलेली फट पुढे खुळखुळते, आणि इपॉक्सीने भरलेली फट वर्षभराने खुळखुळते.

गार्डच्या टोकांची वळणं, गोळे, कापे हे सगळं फट बसल्यानंतर करा. आधी सुंदर गार्ड घडवून मग फट वाकडी गेली तर रडू येतं.

नागेल गार्डमधून आणि टँगमधून आरपार जातो आणि दुसऱ्या अंगाला ठोकून पसरवतात. धार खाली धरली की उजव्या हाताने लढणाऱ्याचा नागेल उजव्या अंगाला असतो. डावरे असाल तर तो डाव्या अंगाला बसवा. बाजारातल्या मेसर जवळपास सगळ्या उजव्या हाताच्या असतात, त्यामुळे डावऱ्या माणसाला मूठ बदलायला एवढं एकच कारण पुरे. नागेल 3-4 सेंटिमीटरपेक्षा लांब नको, आणि पुढचं टोक रुंद व गोल ठेवा. टोकदार नागेल कपड्यात अडकतो.

मेसरची मूठ

लाकूड अक्रोड, चेरी, पेअर किंवा अॅश. ओक टाळा, त्यातलं टॅनिन ओल धरून टँग काळा करतं. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. दोन्ही चपट्या एकाच फळीतून शेजारी-शेजारी कापल्या तर रेषा जुळतात. प्रत्येकीची जाडी 10-11 मिलिमीटर ठेवा, घासून 8-9 होते. टँगला लागणारी बाजू काचेवर एमरी पेपर ठेवून सपाट करा.

भोकांचा क्रम महत्त्वाचा. पहिली चपटी टँगला क्लॅम्प करा आणि टँगच्या भोकांतूनच 5 मिलिमीटरच्या ड्रिलने लाकूड भेदा. त्या भोकांत तात्पुरत्या सळया घाला, दुसरी चपटी लावा आणि आता पहिल्या चपटीतून दुसरीत भोक न्या. खाली टाकाऊ लाकूड असू द्या, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना तुकडा उडतो. सगळं झाल्यावर फक्त टँगमधली भोकं साडेपाचची करा. रिव्हेट ठोकताना फुगतो आणि लाकूड हवेनुसार हलतं, दोन्हीला थोडी जागा लागते. टँग कडक असून ड्रिल चालत नसेल तर कार्बाइडचं ड्रिल आणा. टँग तापवून मऊ करण्याचा मार्ग आहे, पण खांद्यापासून लांब आणि पात्याला ओलं फडकं गुंडाळूनच.

गार्डला टेकणारी चपट्यांची पुढची कड चिकटवण्याआधी पूर्ण घासून घ्या, नंतर तिथे कागद पोचत नाही. मग 24 तासांत वाळणारं इपॉक्सी पातळ लावा. पाच मिनिटांचं इपॉक्सी धक्क्यांनी तडकतं. इपॉक्सीचं काम इथे ओल बाहेर ठेवण्याचं आहे, मूठ धरून ठेवतात ते रिव्हेटच.

रिव्हेट 5 मिलिमीटरच्या मऊ पोलादाचे किंवा पितळेचे, दोन्हीकडे वॉशर, आणि वॉशरच्या बाहेर साधारण 4-5 मिलिमीटर सळई. गोल तोंडाची हलकी हातोडी घ्या. कडेने गोल फिरत, हलके आणि पुष्कळ ठोके, दर दहा ठोक्यांनी तलवार उलटी. सात-आठ जोरदार ठोक्यांत काम संपवायला गेलात तर लाकूड रेषेत उभं चिरतं, आणि तो आवाज लगेच ओळखू येतो. जुन्या मेसरांवर पोकळ नळीचे रिव्हेटही दिसतात. ते कडेने पसरवणं सोपं जातं, शिवाय त्या भोकातून मनगटाची दोरी ओवता येते.

आता आकार. मूठ गोल करू नका. डोळे मिटून हातात घेतली तरी धार कुठल्या बाजूला आहे ते कळायला हवं, म्हणून काप लांबट: उंची 30-33 मिलिमीटर, जाडी 22-24. मागचं टोक धारेच्या बाजूला थोडं खाली वळलेलं असतं, करंगळी तिथे अडते आणि मूठ निसटत नाही. अर्धगोल रास्पने, म्हणजे लाकडाच्या खरखरीत कानशीने, सुरुवात करा, दर थोड्या वेळाने हातात घ्या, आणि वार केल्यासारखी फिरवा. नुसती धरून पाहिलेली मूठ फसवते. कुठे टोचतं ते फिरवल्यावर कळतं, बहुधा अंगठ्याच्या मुळाशी. टँगची कड लाकडाच्या पातळीत आणा आणि ठिणग्या लाकडावर पडू देऊ नका, काळे डाग खोल जातात.

फाल्शियनची मूठ

इथे लाकडाचे दोन अर्ध, प्रत्येकात छिन्नीने टँगच्या निम्म्या जाडीची खाच. टँग लाकडात घट्ट बसावा, पण पाचरीसारखा फाकवू नये. दोन्ही अर्ध टँगवर कोरडे बसवून गार्ड आणि पॉमेलसह पूर्ण जोडणी करून पाहा. लाकडाची लांबी गार्ड आणि पॉमेलमध्ये अर्धा मिलिमीटर जास्तच ठेवा, ठोकताना ती दबून घट्ट होते.

सरस किंवा इपॉक्सीने अर्ध चिकटवा, वरून सुतळी करकचून गुंडाळा. वाळल्यावर आकार द्या, मग मेणाचा दोरा एकाला एक लागून गुंडाळा. त्यावर 1 मिलिमीटर जाडीचं बकऱ्याचं चामडं, कडा आतून तासून पातळ केलेल्या. चामडं ओलं करा, लाकडावर आणि चामड्यावर सरस लावा, शिवण तळहाताकडे येईल असं गुंडाळा. लगेच वरून पुन्हा जाड दोरी अंतरा-अंतराने आवळा आणि रात्रभर ठेवा. सोडल्यावर चामड्यावर दोरीचे वळ उठलेले असतात, पकडीला ते उत्तम. चामडं मात्र पॉमेल ठोकून झाल्यावरच लावा, नाहीतर उष्णतेने आक्रसतं.

पॉमेलच्या वर टँग 3-4 मिलिमीटर दिसला पाहिजे. तेवढंच टोक टॉर्चने लाल करा, पात्याच्या बुंध्याला आणि लाकडाला ओलं फडकं. पातं तांब्याच्या किंवा लाकडी जबड्यांत, टोक खाली, आणि वरून हलके ठोके.

हातात घेण्याआधी

मुठीवर तळहाताची थाप मारा आणि कान द्या. एकजीव खणखणाट हवा, मध्येच भुरभुर ऐकू आली तर गार्ड किंवा रिव्हेट सैल आहे. मग मूठ सैल धरून पॉमेलवर थाप मारा. पातं थरथरतं, पण पुढच्या तिसऱ्या भागात एक जागा जवळजवळ स्थिर दिसते. वार तिथे बसवायचा. ही जागा बोटांनी शोधून मार्करने खूण करा, कापणीच्या पहिल्या दिवशी कामाला येते. पहिली कापणी मऊ वस्तूंवर, भिजवून गुंडाळलेल्या चटईवर, आणि आजूबाजूला कोणी नसताना. दहा-बारा वारांनंतर थांबून रिव्हेट पाहा, नंतर महिन्याभराने पुन्हा पाहा. लाकूड नव्या जागी बसताना एखादा सैल होतोच, दोन ठोक्यांत भागतं.

लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल तीन-चार हात, प्रत्येक हात पुसून आणि एक दिवस वाळवून. पात्याला मिनरल तेलाचा पातळ हात पुरतो. तलवार म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं, आणि पातळ झालेलं पातं जुन्या म्यानात तसंही हलतं. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेतात. पसरून बाहेर वाळवा, किंवा पाणी भरलेल्या डब्यात झाकण लावून ठेवा.